स्क्रीमो पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी: बेळगावकडून एक वाटाड्या

"काय रे हे, कुणी मेलंय काय?" स्क्रीमो, म्हणजे घसा फोडून ओरडत गायलेलं रॉक संगीत, चालू असताना आजी दार ढकलून आत आली तर असंच काहीतरी विचारणार. तिला हसू नका. या संगीताबद्दल तिचा अंदाज बऱ्याच जाणकारांपेक्षा बरोबर असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणीतरी मित्राच्या सांगण्यावरून असलं गाणं लावलं, दहा सेकंदांत बंद केलं, आणि तरी ते डोक्यातून गेलं नाही, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. आपल्याकडे गाणं शिकवणाऱ्यांची वाण नाही. कुमार गंधर्वांचं सुळेभावी शेजारीच, भजनी मंडळ प्रत्येक गल्लीत. पण माणूस घसा फोडून ओरडतोय ते कसं ऐकायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. ऐकायलाही एक क्रम लागतो. तो चुकला की माणूस "नुसता गोंगाट" म्हणून कायमचा निघून जातो.

सगळी मांडणी एकाच अल्बमभोवती केली आहे. टूशे आमोरे हा लॉस एंजेलिसचा बँड आणि सप्टेंबर २०१६ मध्ये आलेला त्यांचा 'स्टेज फोर'. पक्के स्क्रीमोवाले नाक मुरडतील, हे स्क्रीमो नाही, पोस्ट-हार्डकोर हा शेजारचा प्रकार आहे म्हणतील. म्हणू देत की. नवख्याला आत घ्यायला याच्याइतकं मोठं दार मला दुसरं माहीत नाही.

काय काय लागेल

- वायरवाले साधे इअरफोन किंवा हेडफोन. महाग नकोत, पण दोन्ही बाजू चालू हव्यात. दोन गिटार दोन कानांत वेगळं बोलत असतात.
- गाण्यांचे शब्द. मोबाइलवर नको, कागदावर घ्या. झेरॉक्सच्या दुकानात चार-पाच पानांची प्रिंट होते.
- सलग पाऊण तास. अल्बम जेमतेम ३५ मिनिटांचा आहे.
- विकत घ्यायचा असेल तर परदेशी व्यवहार चालू असलेलं डेबिट कार्ड. त्याबद्दल पुढे.
- कार्यक्रमाला जायचं असेल तर वयाचा पुरावा आणि कानात घालायचे बोळे.

१. नावांचा गुंता आधी सोडवून घ्या

स्क्रीमो निघालं ते इमो या संगीतातून. इमो म्हणजे डोळ्यावर केस आणि काळी नेलपॉलिश, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. ते फार नंतरचं. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन शहरातल्या हार्डकोर पंकच्या, म्हणजे वेगवान, रांगड्या रॉकच्या पोरांना सरकार-पोलिसांच्या नावानं ओरडून झाल्यावर स्वतःच्या मनातल्याबद्दल ओरडावंसं वाटलं. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला पहिला मोठा बँड. त्यांना 'इमो' हे नाव दुसऱ्यांनी चिकटवलं, आणि ते त्यांना कधीच आवडलं नाही.

स्क्रीमो त्याच्या पुढचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोत हेरॉइनसारखे बँड, ग्रॅव्हिटी नावाचं छोटं रेकॉर्ड लेबल, आणि विद्यापीठाच्या आवारातली 'चे कॅफे' नावाची जागा यांच्याभोवती ते वाढलं. गाणी आखूड, लय मोडकी, गाणारा सुराच्या पलीकडे गेलेला. पुढे मॅसॅच्युसेट्सचा ऑर्किड, व्हर्जिनियाचा पेज नाइन्टी-नाइन, जपानचा एन्व्ही.

२००० नंतर टीव्हीवर आणि रेडिओवर एक वेगळाच प्रकार चालला: कडव्यात ओरडायचं, धृवपदात गोड गायचं. त्यालाही लोक स्क्रीमोच म्हणू लागले. तेही वाईट नाही. पण 'स्क्रीमो' असं शोधलंत तर हे, मेटल आणि कॉमेडीचे व्हिडिओ एकाच ढिगात समोर येतात. ओळखायची सोपी खूण अशी: मेटलवाला पोटातून, घुमवत, ताकद दाखवत ओरडतो. स्क्रीमोवाल्याचा आवाज फाटतो, आणि तो फाटू देतो.

२. इथून सुरुवात करू नका

सगळ्यात कडक अल्बमपासून नको. 'तुला झेपतंय का बघू' म्हणून मित्र ऑर्किडचा १९९९ चा 'केऑस इज मी' पाठवेल. अल्बम जबरदस्त आहे. पण त्यातली गाणी तुम्हाला काही समजायच्या आत संपतात. तो सहाव्या महिन्यासाठी ठेवा.

परदेशी लोक गाणं ऐकून तोंडं वेडीवाकडी करतात त्या रिअ‍ॅक्शन व्हिडिओंपासूनही नको. ते लोक आपल्या वाटणीचं ऐकून टाकतात, आपल्यासाठी काही उरत नाही.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे फुकटातलं अ‍ॅप. हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं ऐकायचा आहे. फुकटात अ‍ॅप बऱ्याचदा गाणी उलटीसुलटी लावतं आणि मध्ये जाहिरात घुसवतं. या अल्बमच्या शेवटी जे आहे, त्याच्या पाठोपाठ कसलीतरी जाहिरात वाजली तर ते पुन्हा पहिल्यांदा ऐकता येत नाही. एक महिन्याचे पैसे भरा, नाहीतर अल्बम विकत घ्या.

विकत घेताना बहुतेकांचं कार्ड नाकारलं जातं आणि खात्यात पैसे नाहीत की काय असं वाटून घाबरायला होतं. कारण साधं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून कार्डं देशाबाहेरच्या व्यवहारांसाठी बंद ठेवूनच दिली जातात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' चालू करा, मर्यादा हजारभर रुपयांवर ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. गाणी विकणाऱ्या बँडकॅम्पसारख्या साइटवर कार्ड किंवा पेपाल लागतं. तिथं घेतलेल्या फाइली फोनमध्ये कायमच्या राहतात, चोर्ला घाटात रेंज गेली तरी वाजतात.

३. जागा आणि वेळ

वडगाव-खासबागेत घराशेजारी माग चालू असतील तर दिवसा नको. या अल्बममधलं मोठं तेवढं ऐकू येईल, हळू ते सगळं बुडेल, आणि हळू आहे तेच महत्त्वाचं आहे. रात्री जेवणं झाल्यावर, गच्चीवर किंवा आतल्या खोलीत. गणपतीच्या दिवसांत विचारच सोडा.

प्रवासात ऐकायचंच असेल तर चालत असताना ऐका, व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ल्याच्या तळ्याभोवती. गाडी चालवताना नको.

आवाज किती? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. आवाज वाढवला की तास भराभर कमी होतात. फोनच्या साठ टक्क्यांवर थांबा. हे संगीत मुळातच दाटून वाजवलेलं असतं, त्याला वरून जोर द्यावा लागत नाही.

४. आधी शब्द वाचा

बाकीच्या गाण्यांत आपण सुरावर भाळतो आणि शब्द नंतर कळतात. इथं उलटं करा. कागद घ्या आणि गाणं न लावता, पत्र वाचावं तसे सगळे शब्द वाचून काढा. कारण ते बऱ्याच अंशी पत्रच आहे.

गायक जेरेमी बोम याची आई कॅन्सरनं गेली. २०१४ च्या ऑक्टोबरची शेवटची रात्र, हॅलोविन. त्या वेळी तो फ्लोरिडात गेन्सव्हिलला एका पंक महोत्सवात स्टेजवर होता. बँडचा हा चौथा अल्बम आणि आजाराची ती चौथी अवस्था, त्यावरून 'स्टेज फोर'. अकरा गाणी, आणि जवळजवळ सगळी गेलेल्या आईशी बोललेली.

आता इथं जरा थांबतो. परदेशी समीक्षक या ओरडण्याला राग म्हणतात, विद्रोह म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला ते पटू नये. खानापूरकडच्या खेड्यात मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात ते तुम्ही ऐकलं असेल. त्या नुसत्या रडत नाहीत, गेलेल्याशी बोलतात. आता म्हशीची धार कोण काढणार, तुझा डबा मी कुणाला देऊ, असलं अगदी रोजचं बोलतात, आणि ते बोलणं किंचाळीच्या टोकाला जाऊन पुन्हा खाली येतं. कुणी त्यांना सांगत नाही की सुरात रडा, आणि त्या बेसूरही होत नाहीत. मला 'स्टेज फोर' समजला तो याच जागी. बोम आईच्या मरणाबद्दल तत्त्वज्ञान सांगत नाही. तो फोन, गाडी, घर, विमानाची तिकिटं असल्याच गोष्टी बोलतो. फक्त तो पुरुष आहे, कॅलिफोर्नियाचा आहे, आणि त्याच्या मागे ड्रम आहेत.

एक सूचना मात्र मनापासून. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा अल्बम आत्ता नको. वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे. अल्बम कुठं जात नाही.

५. पहिली बैठक: कागद हातात, बोट ओळीवर

आता लावा. सुरुवातीच्या 'फ्लॉवर्स अँड यू'मध्ये बावरायला होईल, चालेल. आवाज कुठं आहे आणि शब्द कुठं आहेत हे जुळवायला कानाला दोन गाणी लागतात.

दुसरं 'न्यू हॅलोविन' नीट ऐका. आई जाऊन वर्ष होत आलंय आणि तिनं फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप ऐकायचा धीर त्याला अजून झालेला नाही, असं तो सांगतो. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

चौथं 'डिस्प्लेसमेंट'. आई ६९ व्या वर्षी गेली. ती श्रद्धाळू, हा नाही. तरी तो तिच्या देवाला जाब विचारतो आणि उत्तर येत नाही. मग गाडीच्या अपघातातून आपण खरचटल्याशिवाय बाहेर आलो ते सांगतो आणि ते आईनंच केलं असेल का, असा विचार त्याच्या मनात येतो. विठ्ठलाशी भांडणारे अभंग लहानपणापासून कानावर असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नास्तिकाचा गोंधळ मात्र नवा आहे: भांडायला देव त्याचा स्वतःचा नाही, आईचा आहे.

'एट सेकंड्स' ही त्या रात्रीची हकीकत, फोनवर बातमी कळण्याची. गाणं छोटं आहे आणि धडाधड संपतं. परत लावू नका, पुढे जा.

'पाम ड्रीम्स' माझं सगळ्यात आवडतं. आई सत्तरच्या दशकात नेब्रास्का सोडून कॅलिफोर्नियाला आली. का आली, हे त्यानं तिला कधी विचारलंच नाही, आणि आता विचारायला कुणी नाही. एवढ्यावर अख्खं गाणं आहे. आपल्यापैकी किती जणांच्या आया चंदगडहून, आजऱ्याहून, गडहिंग्लजहून लग्न होऊन इकडे आल्या. आधी त्या काय करत होत्या, कुठं जायचं मनात होतं, हे तुम्हाला माहीत आहे काय? मी तर गाणं संपल्यावर पहिलं ते विचारून घेतलं. उत्तर इथं सांगणार नाही.

शेवटचं 'स्कायस्क्रेपर'. इथं तो ओरडायच्या आधी चक्क गातो, खालच्या पट्टीत, आणि सोबत ज्यूलियन बेकर या गायिकेचा आवाज आहे. आईला घेऊन न्यू यॉर्क पाहिल्याची आठवण आहे. गाणं हळूहळू वर चढतं, फुटतं, आणि वाद्यं ओसरल्यावर तो निरोप वाजतो. दुसऱ्या गाण्यात ऐकायचा धीर नव्हता, तोच. साधा, रोजच्यासारखा, एका आईनं मुलाला फोनवर ठेवलेला निरोप.

म्हणून म्हटलं, गाणी उलटीसुलटी लावू नका.

जाता जाता कामाचं: घरच्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज फोन बदलताना बऱ्याचदा हरवतात. ज्यांचे जपायचे आहेत त्यांचा चॅट 'मीडियासह एक्स्पोर्ट' करून पेन ड्राइव्हवर ठेवा.

६. दुसरी बैठक: कागद बाजूला

दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग शब्द सोडून फक्त वाद्यं ऐका.

गिटार तुम्हाला वाटल्या होत्या तेवढ्या घरघरणाऱ्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्या स्वच्छ, टिणटिणत्या आहेत. निक स्टाइनहार्ट आणि क्लेटन स्टीव्हन्स एकच सूर धरत नाहीत: एक वरची धून विणतो, दुसरा खालून आधार देतो. गिटार सोलो शोधू नका, नाही मिळणार. एलियट बाबिनचे ड्रम बोमच्या श्वासाबरोबर चालतात. ओळ संपवायला त्याला श्वास पुरत नाही तिथं ड्रम पुढे धावतात. एवढं एक जरी पकडलंत तरी 'गोंगाट' हा शब्द तोंडातून जाईल.

निर्माता ब्रॅड वुड. बँडच्या आधीच्या अल्बमपेक्षा इथं मोकळी जागा जास्त आहे, म्हणूनच नवख्याला हा आधी द्यायचा.

७. घरचे

समजावत बसू नका. इअरफोन वापरा. विचारलंच तर "आईवरचं गाणं आहे" म्हणा. खोटं नाही आणि विषय संपतो.

८. पुढे कुठे जायचं

याच बँडचा २०११ चा 'पार्टिंग द सी बिट्वीन ब्राइटनेस अँड मी' घ्या. तेरा गाणी, वीसेक मिनिटं. 'स्टेज फोर'नं कान तयार झाला असेल तर हा धावत ऐकाल.

मग ला डिस्प्यूट, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा बँड. त्यांचा २०११ चा 'वाइल्डलाइफ' म्हणजे एका मध्यम शहरातल्या लोकांच्या गोष्टी: गोळीबारात गेलेलं पोर, आजारी मुलाला सांभाळणारा बाप. आपलं गावही त्याच मापाचं, म्हणून चटकन लागतो. त्यांचा २००८ चा पहिला अल्बम विणकर मुलगी आणि गुराखी यांच्या आशियाई लोककथेवर उभा आहे, आकाशातल्या नदीच्या दोन काठांवर ताटातूट झालेले दोघं. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरातल्यांनी तो आधी ऐकला तरी चालेल.

न्यू जर्सीच्या थर्सडे या बँडचा २००१ चा 'फुल कोलॅप्स' ज्यांना थोडं गाणंही हवं त्यांच्यासाठी.

एन्व्ही जपानी भाषेत ओरडतात. भाषा येत नाही म्हणून टाळू नका. आपण घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, कॉलेजात इंग्रजी आणि बाजारात तिन्हीचं कालवण करून जगतो. अर्धवट कळणाऱ्या भाषेतला सूर ओळखायची सवय आपल्याला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा जास्त आहे. २००३ च्या 'अ डेड सिंकिंग स्टोरी'पासून सुरू करा.

पेज नाइन्टी-नाइन आणि ऑर्किड शेवटी. पेज नाइन्टी-नाइनमध्ये आठ माणसं, त्यातले दोन ओरडणारे. २००१ चा 'डॉक्युमेंट नंबर एट' पहिल्या झटक्यात समजला असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आपल्या देशातलं हवं असेल तर मुंबईचा पॅसिफिस्ट हा बँड.

९. प्रत्यक्ष कार्यक्रम

बेळगावात असा कार्यक्रम होईल म्हणून वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल. मुंबई, पुणे किंवा बंगळूर. बंगळूरला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची, सकाळी उतरा. निपाणीला रेल्वे नाही, तिथल्यांनी कोल्हापूर गाठून मुंबईची महालक्ष्मी धरावी किंवा हायवेवरून रात्रीची बस.

सोबत घ्या: आधार किंवा लायसन्स, तिकिटाची प्रिंट, कानाचे बोळे, पाण्याला सुटे पैसे. असे कार्यक्रम बहुतेक दारू मिळणाऱ्या जागी होतात, त्यामुळे दारावर बऱ्याचदा २१ वर्षांचा पुरावा मागतात. बारावीतल्या पोरांनी तिकीट काढायच्या आधी वयाची अट वाचावी. दारातून परत पाठवलं तर पैसे मिळत नाहीत. परतीचं तिकीट आधी काढा. कार्यक्रम सांगितलेल्या वेळी सुरू होत नाही, हे गृहीत धरूनच गाडीची वेळ निवडा.

पुढच्या गर्दीत लोक एकमेकांवर आदळतात. त्यात नियम आहे: कुणी पडला की सगळे थांबतात आणि त्याला उचलतात. चष्मा काढून खिशात नको, मागे उभ्या मित्राकडे द्या. नको वाटलं तर भिंतीला टेकून ऐका, कुणी हसत नाही.

१०. स्वतः ओरडायचं असेल तर

दोन-तीन महिन्यांत हुक्की येतेच. नुसतं घशातून जोर लावून ओरडलात तर दुसऱ्या दिवशी आवाज बसणार. जाणकार गायक श्वास पोटातून घेतात आणि खऱ्या स्वरतंतूंवरचा ताण कमी करून त्यांच्या वरच्या घड्या वापरतात. हे व्हिडिओ बघून पुरतं येत नाही. आधी एखाद्या गाण्याच्या बाईंकडे श्वासाचे धडे घ्या, कशासाठी ते नाही सांगितलं तरी चालेल. दहा मिनिटांच्या वर सराव नको, मध्ये कोमट पाणी, आणि दुखलं की त्याच क्षणी थांबायचं. कुजबुजून बोलल्यानं घशाला आराम मिळतो हा गैरसमज आहे, त्यानं ताण वाढू शकतो. त्यापेक्षा गप्प बसा. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि काय करताना बसला ते सरळ सांगा. सर्दीचं निमित्त सांगितलंत तर सर्दीचंच औषध मिळेल.